आयटीतला दादा शिकायचं का थांबला?

प्रत्येक घराण्यात एक आयटीवाला दादा असतो. नसेल तर ताई असते. आपण तिसरी-चौथीत असताना त्याचं कॅम्पस झालं, घरात पेढे वाटले गेले आणि तेव्हापासून आपल्याला एकच वाक्य ऐकवलं गेलं, 'बघ, दादासारखं व्हायचं!' आता त्या दादाला नोकरीला लागून बारा-तेरा वर्षं झाली. वाकडला नाहीतर पुनावळ्याला टू बीएचके आहे, त्याचा ईएमआय आहे, गाडी आहे, वर्षातून एकदा कोकण किंवा केरळ आहे. फक्त हल्ली कामाचा विषय निघाला की दादा गप्प होतो. शनिवारी लॅपटॉपवर ऑनलाइन कोर्सचा व्हिडीओ चालू असतो, आवाज बंद असतो आणि दादा मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत असतो. कंपनीने ट्रेनिंगचे तास ठरवून दिलेत, ते असे भरले जातात.

घरचे म्हणतात, सुखावला. बॉस म्हणतो, अपस्किल होत नाही. लिंक्डइनवरचे ज्ञानी लोक म्हणतात, ग्रोथ माइंडसेट नाही. आणि दादा स्वतः मनातल्या मनात म्हणतो, आपलंच काहीतरी बिनसलंय, पूर्वी रात्र रात्र जागून शिकायचो, आता पाच मिनिटं लक्ष लागत नाही.

एकट्यादुकट्या दादाचं असं झालं असतं, तर तो त्याचा खासगी प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. पण हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली, पवई असं कुठल्याही आयटी पार्कबाहेरच्या चहाच्या टपरीवर कान दिलेत, तर तिशी-पस्तिशीतल्या लोकांच्या बोलण्यात हाच सूर ऐकू येतो. एवढ्या माणसांचा मूड एकाच वयात, एकाच क्षेत्रात जात असेल, तर गडबड फक्त माणसांत कशी असेल? ती कामाच्या पद्धतीतही शोधायला हवी. आणि आपण ती आत्ताच शोधायला हवी. कारण दर पावसाळ्यात कॅप राउंड सुरू झाल्या की कम्प्युटर, आयटी आणि आता एआय-डेटा सायन्ससाठी जी झुंबड उडते, त्यात आपल्यातलेच कितीतरी जण असतात.

उरलेले २६ दिवस

आधी बातमीकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं, की त्या आर्थिक वर्षात कंपनी आपले सुमारे दोन टक्के कर्मचारी कमी करणार. जूनअखेर कंपनीत ६ लाख १३ हजार माणसं होती, म्हणजे दोन टक्के धरले तरी बारा हजारांवर नोकऱ्या. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ही कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतली होती. कारण विचारल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी एआयकडे बोट दाखवलं नाही. कौशल्यं जुळत नाहीत, काही लोकांना नव्या कामावर लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने याविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली.

म्हणजे सरळ भाषेत, दादा शिकला नाही म्हणून दादा नको झाला. पण मग दादाने शिकायचं कधी होतं?

याचं उत्तर त्याच्या महिनाभर आधीच्या बातमीत आहे. जून २०२५ मध्ये याच कंपनीचं नवं बेंच धोरण आलं. इंजिनीअरिंगच्या मुलांना बेंच माहीत असतो, बाकीच्यांसाठी सांगते. एक प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळाला नाही, की मधल्या काळात पगार चालू असतो पण क्लायंटचं काम नसतं. त्याला बेंचवर बसणं म्हणतात. नव्या धोरणानुसार वर्षात किमान २२५ दिवस बिल लावता येईल असं काम हवं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त बसता येणार नाही. बेंचवर असताना रोज चार ते सहा तास शिकण्यात घालवावेत, अशी अपेक्षाही त्यात असल्याचं बातम्यांत आलं होतं.

आता जरा कॅलेंडर काढा. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. सणावाराच्या दहा सुट्ट्या धरल्या तर उरले २५१. त्यातले २२५ बिलाचे. शिल्लक २६. या २६ दिवसांत आजारपण, गणपतीला गावी जाणं, मुलांची ॲडमिशन, मावसबहिणीचं लग्न आणि 'नवीन तंत्रज्ञान आत्मसात करणं' हे सगळं बसवायचं.

मला या धोरणातली खरी मेख इथे दिसते. शिकण्यासाठी सांगितलेली जागा कुठली, तर बेंच. म्हणजे जिथे प्रत्येक दिवस डोक्यावर टांगती तलवार असते तिथे. बिल चालू असतं तेव्हा शिकायला वेळ नाही, आणि वेळ असतो तेव्हा नोकरी जायची भीती. तिसरा पर्याय म्हणजे स्वतःची रात्र आणि स्वतःचा रविवार. एका कंपनीचं धोरण उदाहरणादाखल घेतलं, कारण ते आकड्यांत बाहेर आलं. पण तासांवर बिल लावणाऱ्या सगळ्याच धंद्याचा हिशोब थोड्याफार फरकाने हाच आहे. 'शिका' असं सगळे सांगतात. पण ज्या तासाचं बिल क्लायंटला लावता येत नाही, तो तास कुणालाच आपल्या खिशातून द्यायचा नसतो. शेवटी तो दादाच्या खिशातून जातो. दहा वर्षं खिशातून दिल्यावर खिसा रिकामा झाला, तर नवल काय?

मधल्या मजल्यावरची कोंडी

आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्या कशा चालतात, हे समजून घेतल्याशिवाय दादाचं दुखणं कळत नाही. समजा, अमेरिकेतल्या एका विमा कंपनीला तिचं सॉफ्टवेअर सांभाळायला माणसं हवीत. इथली कंपनी वीस जणांची टीम देते. त्यात चौदा जण एक ते चार वर्षांच्या अनुभवाचे, पाच जण मधले आणि एक मॅनेजर. क्लायंटकडून पैसे डोक्यागणिक किंवा तासागणिक येतात. खालचे स्वस्त असतात, म्हणून नफा खालच्या चौदांमध्ये जास्त असतो. याला या क्षेत्रात पिरॅमिड म्हणतात आणि पिरॅमिडचा पाया रुंद राहिला तरच हिशोब जमतो.

आता बघा, फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं साधारण तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय. दादाचं पॅकेज त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे दहाव्या वर्षी दादाने नुसता कोड लिहिला, तर तो कंपनीला महाग पडतो. मग त्याला 'लीड' करतात. त्याचा दिवस कसा होतो? सकाळी स्टँड-अप कॉल, दुपारी ट्रॅकरची एक्सेल शीट, कुणाची रजा, कुणाचा राजीनामा, फ्रेशरने रात्री केलेला घोळ आणि संध्याकाळी क्लायंटचा कॉल. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. कॉल तिथून सुरू होतो. दिवसभर दादा इतका बिझी असतो, की कोड लिहिणं कधी सुटलं हे त्यालाही कळत नाही. पुढे नवी नोकरी शोधायला गेला की मुलाखतीत पहिला प्रश्न कोडिंगचा येतो. जे काम कंपनीनेच हळूहळू हातातून काढून घेतलं, तेच येत नाही म्हणून तो नापास.

कोंडीचा दुसरा प्रकार याच्या उलट आहे. काही जण कोडमध्येच राहतात, पण एकाच जुन्या सिस्टीममध्ये. १९५९ मध्ये आकाराला आलेली कोबोल ही भाषा अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांत आजही वापरात आहे. अशा जुन्या सिस्टीमची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस प्रोजेक्टला लाखमोलाचा असतो. क्लायंट त्याला सोडायला तयार नसतो आणि म्हणून मॅनेजरही नाही. त्याने सुट्टीच्या दिवशी बसून क्लाउडचं सर्टिफिकेट मिळवलं, तरी सोमवारी पुन्हा तीच काळी स्क्रीन. शिकलेलं वापरायला जागाच नसेल, तर ते महिन्या-दोन महिन्यांत विसरतं. हे आपल्यालाही माहीत आहे. सेमिस्टर संपल्यावर पंधरा दिवसांनी त्याच विषयाचा पेपर सोडवून बघा.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. दादा शिकतो एक आणि दिवसभर करतो दुसरंच. अभ्यास आणि काम यांची गाठच पडत नाही.

पुन्हा पुन्हा पहिलीत

यावर कुणी म्हणेल, शिकत राहणं कुठल्या क्षेत्रात नाही? डॉक्टरला शिकावं लागतं, वकिलाला लागतं, सीएला तर दर बजेटनंतर लागतं. खरं आहे. पण डॉक्टरच्या बाबतीत पेशंटचं हृदय दर पाच वर्षांनी डावीकडून उजवीकडे सरकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तसं होतं.

एक उदाहरण पुरेसं आहे. २०१० मध्ये गूगलचं अँग्युलरजेएस आलं. वेबसाइटचा दर्शनी भाग बनवायचं हे साधन लोकांनी जिवापाड मेहनत करून शिकून घेतलं. २०१६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, ती जवळजवळ नव्यानेच लिहिलेली. जुनं येणाऱ्याला अर्ध्याहून जास्त गोष्टी परत शिकाव्या लागल्या. २०२१ च्या अखेरीस जुन्याचा सपोर्टच बंद झाला. त्याच्या वर्षभर आधी, ३१ डिसेंबर २०२० ला, फ्लॅशचा अवतार संपला होता. त्यावर करिअर उभं केलेले लोक होते. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्यानंतर तर काय शिकायचं यापेक्षा जे शिकू ते मशीन आपल्याआधी करणार का, हाच प्रश्न मोठा झाला.

पस्तिशीत पुन्हा फ्रेशर होणं अवघड असतं, आणि त्याचा बुद्धीशी फारसा संबंध नाही. घरी लहान मूल असतं, आई-वडिलांची औषधं असतात, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे तास जातात. ताई असेल तर ऑफिस सुटल्यावर घरातली दुसरी शिफ्ट सुरू होते, तिचा हिशोब तर कुठल्याच टाइमशीटमध्ये येत नाही. त्यात शेजारी बसलेला बावीस वर्षांचा मुलगा तेच साधन आठवड्यात शिकतो. कारण त्याच्यासाठी ते पहिलंच असतं. दादासाठी ते सातवं असतं. आधीच्या सहांपैकी चार त्याच्या डोळ्यांदेखत कालबाह्य झालेली असतात. सातव्या वेळी मन विचारतं, 'हेही किती दिवस टिकणार?' या प्रश्नाला आळस म्हणता येणार नाही. तो अनुभवातून आलेला हिशोब आहे.

मोटिव्हेशनचं बटण नसतं

आमच्या मास कॉमच्या अभ्यासक्रमात संवादशास्त्राबरोबर थोडं मानसशास्त्र असतं. तिथे भेटलेल्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतात.

पहिली, बर्नआउट. हा शब्द आपण आता परीक्षेनंतरच्या थकव्यालाही वापरतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या केली आहे. त्यांच्या मते हा आजार नाही, ती कामाशी निगडित अवस्था आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की ती उद्भवते. तिची लक्षणं तीन: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. व्याख्येतला 'कामाच्या ठिकाणचा' हा शब्द महत्त्वाचा. ताण तिथला असेल, तर उपाय फक्त घरी योगासनं करून कसा होईल?

दुसरी गोष्ट, एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची मांडणी. माणसाला आतून काही करावंसं वाटण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असं ते सांगतात. काय आणि कसं करायचं याची थोडी मोकळीक, आपल्याला हे जमतंय ही भावना, आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असणं. आता ही फूटपट्टी दादाच्या दिवसाला लावून बघा. मोकळीक? कोणता कोर्स करायचा हे कंपनीच्या पोर्टलवर आधीच ठरलेलं. जमण्याची भावना? दर दोन वर्षांनी पाटी कोरी. आपली माणसं? टीम अर्धी बंगळुरूत, पाव अमेरिकेत, आणि बाकीचे कॅमेरा बंद करून म्यूटवर.

डेसींचा १९७१ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यामागे डॉलर दिला, दुसऱ्याला काहीच नाही. नंतर पैसे बंद केले. तेव्हा पैसे मिळालेल्या गटाने मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी लक्ष दिलं. आवडीने होणारी गोष्ट मोबदल्याला बांधली, की मोबदला थांबल्यावर आवडही उतरते. कंपन्यांमधले लर्निंग अवर्स, बॅजेस, लीडरबोर्ड हे सगळं आठवा. ज्या दादाने कधीकाळी हौसेने रात्रभर बसून गेम बनवला होता, त्याच्या हौसेला आपण पॉइंट्स लावले. आता पॉइंट मिळण्यापुरताच व्हिडीओ चालतो, तोही म्यूटवर.

शिकून नाही, बदलून वाढतो पगार

या सगळ्याला पैशाचीही एक बाजू आहे. कोविडनंतर, २०२१-२२ मध्ये, आयटीत माणसांची प्रचंड ओढाताण झाली. २०२२ मध्ये इन्फोसिसमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २८.४ टक्क्यांपर्यंत गेलं होतं, टीसीएसमध्ये २१.५ टक्क्यांपर्यंत. त्या काळात नोकरी बदलणाऱ्यांना घसघशीत वाढ मिळाली आणि जे इमानेइतबारे एकाच ठिकाणी बसले, ते नेहमीच्या वार्षिक वाढीवर राहिले. नव्याने आलेल्या माणसाचा पगार जुन्यापेक्षा जास्त, हे चित्र घरोघरी चर्चेचं झालं.

यातून सगळ्यांनी एक धडा घेतला: पगार शिकण्याने वाढत नाही, बदलण्याने वाढतो. मग शिकणंही तसंच झालं. कामासाठी शिकण्याऐवजी मुलाखतीसाठी शिकायचं. कोडिंगची कोडी सोडवायची, ऑफर आली की विसरायची. थोडक्यात, बारावीचे क्लासेस पुन्हा सुरू!

आणि मग दार बंद झालं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. ज्या एका कारणासाठी दादा अभ्यास करत होता, तेही गेलं. इकडे घराचा हप्ता मात्र बूममधल्या पगाराच्या भरवशावर घेतलेला. नोकरी आवडत नाही, पण सोडता येत नाही. सोडायची म्हटली तरी अनेक ठिकाणी नोटीस पिरिअड तीन महिन्यांचा, आणि तेवढं थांबायला नवी कंपनी तयार नसते. अशा माणसाला सकाळी उठून नवी भाषा शिकायचा उत्साह का येत नाही, हे विचारणं म्हणजे घाण्याला जुंपलेल्या बैलाला फिरायला जायचा कंटाळा का येतो, असं विचारण्यासारखं आहे.

'एवढा पगार घेऊन रडतात!'

हा आक्षेप येणारच, आणि तो पूर्ण खोटा नाही. सोयाबीनचा भाव पडलेला शेतकरी, भर उन्हात पार्सल पोहोचवणारा मुलगा, सहा-सहा वर्षं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेले आपलेच मित्र यांच्यासमोर एसीत बसलेल्या माणसाचं दुःख छोटंच वाटतं. शिवाय आयटीतल्या प्रत्येकाचीच कोंडी झाली असंही नाही. काही जणांना वेळ होता, संधी होती, तरी त्यांनी वर्षानुवर्षं काही केलं नाही. आणि याच पिरॅमिडमधून वाट काढून उत्तम तंत्रज्ञ झालेलेही लोक आहेत. अनेक कंपन्यांत मॅनेजर न होता तांत्रिक वाटेने वर जायची सोय असते, तीही काहींनी वापरली.

पण कुणाचं दुःख मोठं, याची स्पर्धा लावून कुणाचाच प्रश्न सुटत नाही. आणि दुसरी बाजूही ऐकायला हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांबद्दलचं बोलणं व्हायरल झालं. दोन्ही वेळा देशभर चर्चा झाली ती तासांची. त्या तासांत माणूस काय करतो, त्याला त्यातून काय मिळतं, याची चर्चा फार कमी झाली. मला वाटतं, दादाला ७० तासांची भीती कमी आणि त्यातले ५० तास निरर्थक असण्याची जास्त आहे.

कामाच्या वेळेनंतर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकं आपल्याकडे १९७० नंतर कायद्यात उतरलेली नाहीत, त्यामुळे लगेच फार आशा नको. पण संध्याकाळ मोकळी झाली तरी प्रश्न अर्धाच सुटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी शिकण्याचे तास कामाच्या वेळेतच धरावे लागतील, आणि शिकलेलं वापरता येईल अशा प्रोजेक्टवर जायची वाट कंपनीच्या आतच मोकळी करावी लागेल. नाहीतर कोर्सवर केलेला सगळा खर्च म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग आपण काय करायचं?

'आयटीत जाऊ नका' असं मी म्हणणार नाही. तसं सांगायचा मला अधिकार नाही आणि ते खरंही नाही. दादाने त्या पगारातून बहिणीचं शिक्षण केलं, गावचं घर बांधलं, हे विसरून चालणार नाही. पण दुरून डोंगर साजरे दिसतात, ते जवळून कसे आहेत हे चढायच्या आधी माहीत असलेलं बरं. म्हणून चार गोष्टी.

एक, टिकणारं आणि न टिकणारं वेगळं करा. साधनं बदलतात, पाया फारसा बदलत नाही. डेटाबेसशी बोलायची एसक्यूएल ही भाषा १९७० च्या दशकातली आहे, लिनक्स १९९१ चं, गिट २००५ चं, आणि तिन्ही आज जोरात चालू आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, अल्गोरिदम हे विषय सेमिस्टरमध्ये रटाळ वाटतात खरे, पण सातवं साधन शिकताना तेच हात देतात. 'तीस दिवसांत एआय एक्स्पर्ट' म्हणणारे कोर्स म्हणजे पी हळद अन् हो गोरी.

दोन, कॅम्पस मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. पाच वर्षांच्या अनुभवाचा माणूस इथे रोज काय काम करतो? प्रोजेक्ट बदलून मागता येतो का? शिकायचा वेळ ऑफिसच्या वेळेत असतो का? ऑफर लेटरमधला नोटीस पिरिअड आणि बाँड वाचा. पॅकेजचा आकडा एकदाच आनंद देतो, कामाचं स्वरूप रोज समोर येतं.

तीन, पहिल्या पगारापासून मोकळीक विकत घ्या. म्हणजे काय, तर सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक होईपर्यंत मोठा हप्ता अंगावर घेऊ नका. ज्याच्या खात्यात सहा महिने आहेत, त्याला 'नाही' म्हणता येतं, प्रोजेक्ट बदलून मागता येतो, आणि कधीतरी स्वतःसाठी शिकताही येतं.

चार, कामाच्या बाहेरचं काहीतरी शिकत राहा, ज्याला ना सर्टिफिकेट आहे ना पॉइंट. तबला, ट्रेकिंग, मोडी लिपी, काहीही. शिकण्याची चव जिभेवर राहिली पाहिजे. ती एकदा गेली की परत यायला वेळ लागतो.

आणि घरच्या दादाचं काय? त्याला मोटिव्हेशनच्या रील्स पाठवू नका, कृपया. कोर्सची लिंकही नको, त्याच्याकडे आधीच चाळीस आहेत. तो फारच गप्प राहत असेल, झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर प्रकरण नुसत्या कंटाळ्याच्या पुढे गेलेलं असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांशी किंवा सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरवर, बोलायला सांगा. मराठीतही बोलता येतं.

बाकी वेळी एक सोपी गोष्ट करता येईल. तुमचा मिनी प्रोजेक्ट अडकलाय ना? तो त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'दादा, हे का चालत नाहीये?' इथे त्याला बिल लावायचं नाही, ट्रॅकर भरायचा नाही, अप्रेझलमध्ये मोजलं जाणार नाही. हवं तसं सांगायची मोकळीक आहे, त्याला ते जमतं आहे, आणि समोर आपलं माणूस आहे. डेसी-रायन यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एका टेबलावर. त्याने त्याची नोकरी बदलणार नाही, पिरॅमिडही हलणार नाही. पण निदान दादा शिकायचं विसरलेला नाही, एवढं तरी त्याला आणि आपल्याला कळेल. प्रोजेक्टही वेळेत सबमिट होईल, तो फायदा वेगळाच.